खडवलीच्या वाटेवरचा बद्द आवाज

ठाण्याहून खडवलीला जायला किती वेळ लागतो, असं कुणालाही विचारा. दीड तास सांगतील, ट्रॅफिक धरून दोन. आम्हाला तीन आठवडे लागले. या प्रवासात डोंगर नाहीत, देवळं नाहीत, समुद्र तर नाहीच. एक रॅम्प, एक खड्डा आणि एक अंगण, एवढंच बघून आलो. परत आल्यापासून नातेवाईक फोन करून विचारतात, "एवढा हट्ट कशाला केलात गं?" तोंडाने सांगायला गेले की समोरचा मधे थांबू देत नाही. म्हणून लिहितेय. लिहिताना निदान थांबता येतं.

आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. अण्णा माझे वडील, ब्याऐंशीचे. कोपरीत, स्टेशनच्या पूर्वेला, आम्ही दोघंच राहतो. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. अण्णांची सगळी नोकरी कल्याणच्या यार्डात गेली, रेल्वेचे डबे तपासण्यात. लांब दांड्याची हातोडी घ्यायची, उभ्या गाडीच्या कडेने चालत जायचं आणि एकेका चाकावर ठोका मारून ऐकायचं. चांगलं चाक खणखणीत वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. घरातही त्यांची तीच सवय. बाजारातून माठ आणला, कलिंगड आणलं, की टिचकी मारून कानाशी धरणार. "बद्द आहे, परत कर."

आषाढात अण्णा बाथरूममध्ये घसरले आणि पाठीचा मणका दबला. ऑपरेशन झेपणार नाही, हृदय आधीच थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. पट्टा बांधायचा आणि पडून राहायचं. अण्णांनी सगळं निमूट ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "भाऊबिजेला खडवलीला जाता येईल ना?"

खडवलीला त्यांची थोरली बहीण असते. अण्णांची आक्का, माझी आत्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांची. त्यांची आई लवकर गेली, आक्कानेच यांना कडेवर घेऊन वाढवलं. ती लग्न होऊन खडवलीला गेली तेव्हापासून अण्णांची एकही भाऊबीज चुकलेली नाही. एका वर्षी ड्युटी सुटेना, तर मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात बसून गेलेले. आता आत्याही अंथरुणालाच असते. ती येऊ शकत नाही. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "एकदाच न्या. झोपवून न्या. धक्का बसता कामा नये." त्या 'एकदाच'चा अर्थ मला कळला. अण्णांनाही कळला असणार.

गाडी होती, तीही इलेक्ट्रिक. मीच हौसेने घेतलेली, अडीच वर्षं झाली. ना धूर, ना घरघर. डावीकडची पुढची सीट पार मागे पाडली की अण्णा तिच्यावर जवळजवळ आडवे होऊ शकत होते. सगळं जमण्यासारखं होतं. फक्त गणपतीपासून त्या डाव्या बाजूलाच, पुढच्या चाकापाशी, एक आवाज यायला लागलेला. खड्डा आला की धप्प. बरोबर अण्णांच्या पाठीखाली.

ठाणे, दसऱ्यानंतरचा शनिवार

घोडबंदर रस्त्याकडे कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. काचेच्या भिंती, कॉफीचं मशीन, सगळं हॉस्पिटलपेक्षा चकचकीत. हातात टॅब घेतलेला एक तरुण ॲडव्हायझर आला.

"मॅडम, ईव्ही सायलेंट असते ना, म्हणून छोटे छोटे आवाज पण कानाला येतात. पेट्रोल गाडीत हेच इंजिनाखाली दबून जातात."

"अहो, मग काय गाडीला इंजिन बसवून घेऊ?" मी म्हटलं.

तो हसला नाही. गाडी रॅम्पवर चढली, चारही चाकं हवेत लोंबायला लागली. दोघांनी खालून टॉर्च मारून बघितलं, चाकं हलवून बघितली. काही नाही. मग एकाने पुढचं बॉनेट उघडलं. या गाड्यांना पुढे इंजिन नसतं, तिथे सामान ठेवायला खोलगट जागा असते. त्या जागेत एक नारळ लोळत होता. हळदकुंकू लावलेला, दसऱ्याच्या पूजेचा. शेजारच्या काकू म्हणालेल्या, हा वाढवू नकोस, देवाचा म्हणून गाडीतच राहू दे. मी ठेवला आणि साफ विसरले.

सगळं सर्व्हिस सेंटर हसलं. ॲडव्हायझरही हसला. "मॅडम, तुमचं सस्पेन्शन सापडलं!" मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. किती दिवसांनी हसले असेन. येताना मिठाईवाल्याकडून पेढेसुद्धा घेतले.

अण्णांना सांगितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "नारळ दसऱ्याचा ना? आवाज गणपतीपासूनचा आहे."

"अण्णा, तुम्ही पडा बघू जरा."

एवढं साधं गणित! लॅबमध्ये कुणी दुसऱ्याच माणसाचं सॅम्पल तपासून रिपोर्ट दिला असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण मला तो नारळच हवा होता. माणसाला सुटका हवी असली की तो काहीही कारण म्हणून धरतो. नारळ मी वाढवला, त्याची खोबऱ्याची वडी केली, अण्णांनाही खायला लावली. सोमवारी लॅबला जाताना कोपरीच्या पुलाआधी पुन्हा धप्प. वडी घशाशी आली.

पुन्हा सर्व्हिस सेंटर. या वेळी त्यांनी दोन्ही बाजूंचे लिंक रॉड बदलले. गाडी वळताना कलू नये म्हणून ज्या कांब्या असतात, त्या. "नव्वद टक्के केसमध्ये हेच असतं, मॅडम." अण्णा घरून फोनवर होते. म्हणाले, "त्याला विचार, आवाज खणखणीत आहे की बद्द?"

मी विचारलं. तो पोरगा टॅबवर बोट धरून थांबला. "बद्द म्हणजे? बॅड? बॅड साउंड लिहू का?"

गाडी घेऊन निघाले आणि गेटच्या बाहेरच्या स्पीडब्रेकरला धप्प. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गाडी परत वळवली नाही. रस्त्याच्या कडेला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडले. दहा दिवस उरले होते.

कोपर, वसुबारस

आमच्या लॅबमध्ये सॅम्पल गोळा करणारी अस्मिता डोंबिवलीजवळच्या कोपरची. ती म्हणाली, "ताई, आमच्या गल्लीत गाड्या दुरुस्त करणारा बाळारामदादा आहे. काचबीच काही नाहीये त्याच्याकडे, पण त्याला दाखवून बघ."

मी एकटीच जाणार होते. अण्णांनी चपला मागितल्या.

"अहो, वेड लागलंय का? भाऊबिजेला न्यायचंय ना तुम्हाला? आत्तापासून पाठ कशाला..."

"शुभे, तू ऐकतेस, पण तुला ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं? मला एकदा गाडीत झोपव."

शेवटी झोपवलं. शेजारच्या दोघांनी उचलून सीटवर ठेवलं, मी उशा लावल्या. आम्ही हायवेने माणकोलीच्या पुलावर आलो. हा पूल झाल्यापासून ठाण्याहून डोंबिवली पश्चिमेला जायचं म्हणजे काहीच नाही. खाली खाडी, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी, मध्ये सोडून दिलेल्या मिठागरांचे चौकोन, त्यांत बगळे. पावसानंतरची स्वच्छ हवा होती. अण्णांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना गाडीचं छप्पर आणि पुलाचे दिवे दिसत होते.

पुलाच्या सांध्यांवरून गाडी जाताना टप, टप वाजत होतं.

"हा?" मी विचारलं.

"छे. हे पुलाचे सांधे. पुढे सपाट आहे का? मागे कुणी आहे? मग पाय उचल."

मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. इलेक्ट्रिक गाडी तेवढ्यानेच आपोआप अडते, ब्रेक लावावा लागत नाही. धप्प.

"आता दाब."

दाबला. धप्प.

"खड्डा कुठाय?" अण्णा म्हणाले.

खड्डा नव्हताच. रस्ता आरशासारखा होता. मी दीड महिना खड्डा दिसला की पाय उचलत होते, गाडी अडत होती आणि आवाज खड्ड्याच्या आधी येत होता. मी सगळ्यांना सांगत राहिले, खड्ड्यात आवाज येतो, खड्ड्यात आवाज येतो. सर्व्हिसवाल्यांनीही तेच लिहून घेतलं.

"हा ओढ-ढकलचा आवाज आहे," अण्णा म्हणाले. "डबे थांबताना एकमेकांवर येतात ना, तसा. आणि बद्द आहे. परत उचल."

पूल संपेपर्यंत त्यांनी मला दहा-बारा वेळा पाय उचलायला आणि दाबायला लावला. मी अगदी उत्साहात आलेले. प्रत्येक वेळी "आला! आला!" म्हणून ओरडत होते. अण्णा फक्त "उचल" आणि "दाब" एवढंच म्हणत होते.

बाळारामदादाचं गॅरेज म्हणजे त्याच्या घरासमोरची शेड. तिथे रॅम्प नाही. जमिनीत माणूस उभा राहील एवढा लांबट खड्डा, बाजूने सिमेंट केलेला, आणि त्यावर गाडी आणायची. दादा साठीचा, इथलाच आगरी. बापजाद्यांची मिठागरं होती, आता त्या जमिनीवर यांच्या बिल्डिंगी उभ्या आहेत. हा मात्र अजून गाड्यांखाली. "घरात बसून काय करू गो? हात रिकामे रायले ना, डोकं फिरतं," हे त्याचं उत्तर.

मी आवाजाची हकिगत सुरू केली. त्याने हात वर करून मला थांबवलं आणि सीटवर आडव्या पडलेल्या अण्णांकडे वाकला.

"बाबा, कसा वाजतं?"

"बद्द."

"बद्द? मंग लोखंड नाय. रबर हाय." आणि दादा हसला. इतक्या दिवसांत कुणालातरी तो शब्द कळला होता.

तरी खात्री करायला तो मागे बसला आणि मला गल्लीतून एक फेरी मारायला लावली. उचल, दाब, उचल, दाब. दोन स्पीडब्रेकर. माझं सगळं लक्ष डाव्या चाकाकडे. परत येऊन गाडी लावली, तर दादा हळू आवाजात म्हणाला, "ताय, बाबांच्या डोल्यांत पानी हाय. गारीकडं बघतेस ती बरोबर, पन जरा बापाकडं पन बघ."

मी वळून बघितलं. अण्णांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळलेलं. दोन्ही हातांनी सीटबेल्ट घट्ट धरलेला, बोटं पांढरी पडलेली. पुलापासून ते असेच असणार. मी "आला! आला!" ओरडत होते तेव्हाही. मला शरम वाटली. अजून वाटते.

"अण्णा, सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू गाडी थांबवली असतीस," ते म्हणाले.

दादाने आणि त्याच्या पुतण्याने त्यांना उचलून ओटीवरच्या बाजल्यावर निजवलं. दादाच्या बायकोने, जनावहिनीने, तव्यावर जाडं मीठ भाजलं, फडक्यात बांधून पुरचुंडी केली आणि अण्णांची पाठ शेकायला बसली. "मिठागरावं कंबर धरली की आमची म्हातारी हाच करायची," ती म्हणाली. आमच्याकडे शेक म्हणजे रबरी पिशवी आणि गरम पाणी. मिठाची ऊब आतपर्यंत जाते आणि बराच वेळ टिकते, हे मला तिथे कळलं. अण्णांचे डोळे मिटले. तिने आम्हाला तांदळाची भाकरी आणि चवळीची भाजी वाढली. अण्णांना भाकरीचा तुकडा भाजीच्या रसात बुडवून तिनेच भरवला, आणि ते लहान मुलासारखे खात होते.

दादा खड्ड्यात उतरला. खालचं झाकण काढलं, पहारीसारखी लांब लोखंडी टॉमी आत घातली आणि मला वाकून बघायला सांगितलं. चाकाला गाडीशी बांधून ठेवणारी एक जाड लोखंडी भुजा असते, लोअर आर्म म्हणतात तिला. तिच्या मागच्या टोकाला रबराची गोल बुश. दादाने टॉमी रेटली तशी बुश उघडली. रबर लोखंडापासून अर्धं सुटलेलं होतं. भुजा आत पुढे-मागे आपटत होती.

"बॅटरीचं वजन किती हाय हिला! रबर झिजनारच. रॅम्पवं चाक लोंबतं, त्याला ना वढ ना रेटा. तवा काय दिसनार?"

"असंच ठेवलं तर?"

"जोरात ब्रेक मारशील नि चाक मागं सरकंल. गारी एका बाजूला वढंल. बाबांना झोपवून नेतेस ना? मंग नाय ठेवायची."

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पूर्ण भुजाच मागवावी लागेल, दिवाळीनंतर येईल. दादाने फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला. "कल्यानला बुश भेटंल. नुसती बुश दाबून बसवतो. पन दिवालीचं दुकान कवा उघडंल, ती बघाय लागंल. पाडव्याला ये."

कोपरी, मधले दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना कूस बदलता येईना. डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेले. मला बाहेर बोलावून म्हणाले, "कुठे नेलेलंत यांना?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता नवी चिठ्ठी लिहिली, आणि तेच जास्त लागलं.

मी ठरवून टाकलं. जायचं नाही. खडवलीला फोन करून आत्याच्या सुनेला, वैशालीवहिनीला, सांगायचं आणि व्हिडिओ कॉलवर ओवाळून घ्यायचं. आजकाल अमेरिकेतल्या भावांना सगळे असंच ओवाळतात. अण्णांना हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे न बघता चकल्या डब्यात भरत होते.

"शुभे, इकडे बघ. तू रक्त तपासतेस. कुणाचं किती उरलंय ते तुला कळतं. माझे रिपोर्ट तूच आणतेस ना?"

मी आणखी एक चकली डब्यात ठेवली.

"मग? पाठ माझी दुखते. बहीण माझी आहे. यात तू कशाला मध्ये पडतेस?"

"मला भीती वाटते, अण्णा. वाटेतच काही झालं तर?"

"मलाही वाटते," ते म्हणाले. "तरी जाऊ."

आई गेली तेव्हासुद्धा अण्णांनी भीती वाटते असं कधी म्हटलं नव्हतं. मी चकल्यांचा डबा तसाच उघडा ठेवून त्यांच्या उशाशी जाऊन बसले.

कोपर, पाडवा

गल्लीत दारोदारी रांगोळ्या, उटण्याचा वास. शेडला कुलूप असेल असं वाटलेलं. दादा अंघोळ करून, कपाळाला टिळा लावून, नवा सदरा काढून खुंटीला टांगून खड्ड्यात उभा होता.

"सणाच्या दिवशी तुम्हाला कामाला लावलं," मी म्हटलं.

"मला पन उद्या भनीकडं जायचाय. माजी भन नाय सोडत मला, बाबांची कशी सोडंल?"

बुश त्याने आदल्या दिवशीच कल्याणहून आणून ठेवलेली. भुजा काढली, प्रेसखाली धरून जुनी बुश बाहेर ढकलली. रबराचे दोन तुकडे होऊन पडले. नवी बसवली, भुजा चढवली, पण बोल्ट मात्र ढिलाच ठेवला. मी विचारलं, आता कसत का नाही? "गारी वजन घेऊन उभी रायली पायजे. लोंबत्या चाकावं कसला तर रबर पिलवटून बसंल नि चार महिन्यांत परत फाटंल. बाबा जिथं झोपनार तिथं तू झोप. उद्याचं वजन आजच ठेव."

मी अण्णांच्या सीटवर आडवी झाले. माझ्या खाली, जमिनीच्या आत उभा राहून, दादा पाना फिरवत होता. मग बोल्ट कसून तो वर आला, चालवायला बसला. मला म्हणाला, "उठू नको. तशीच राय."

म्हणून मी कोपर ते मोठागाव आणि परत, अण्णांच्या जागेवरून बघितलं. छप्पर, खिडकीच्या वरच्या कडेतून पळणाऱ्या तारा, आकाशकंदील, गॅलऱ्यांतले वाळत घातलेले कपडे. रस्ता दिसतच नाही. पुढे काय येतंय ते कळत नाही, ते थेट पाठीला कळतं. माझी पाठ धड असून मला प्रत्येक खाचखळगा लागत होता. दादाने पाय उचलला. काही नाही. दाबला. काही नाही. तीनदा, चारदा. नुसता टायरांचा आवाज.

"गेला," तो म्हणाला.

मी हात जोडले. दादा संकोचून म्हणाला, "चल गो, काय तरीच. करंज्या घेऊन जा."

खडवली, भाऊबीज

सकाळी नऊला निघालो. अण्णांना औषध देऊन, मिठाची पुरचुंडी पाठीशी ठेवून. ती जनावहिनीकडून मी शिकून आले होते. अण्णांनी नवा सदरा हट्टाने पट्ट्यावरून घालून घेतला. दाढी मी केली.

पडघ्यावरून जवळ पडलं असतं, पण तिकडे हायवेचं काम चालू आहे. म्हणून डोंबिवली ओलांडून पत्रीपूल, कल्याण, शहाड, टिटवाळा असं गेलो. पत्रीपुलावर खाली रुळांचं जाळं पसरलेलं होतं. अण्णांनी विचारलं, "यार्ड आलं ना?" त्यांना दिसत नव्हतं, पण वास आला असेल, किंवा शंटिंगचा आवाज. मी म्हटलं, थांबू का? "नको. आक्का वाट बघत असेल."

टिटवाळ्यानंतर शहर सुटतं. भाताची कापणी चाललेली, शेतात पेंढ्या उभ्या, वाऱ्याला ओल्या गवताचा वास. मी वीस-पंचवीसच्या वेगाने चालवत होते, मागचे हॉर्न वाजवून वाजवून पुढे जात होते. जाऊ देत. गाडी खरंच गप्प होती. त्या शांततेत मला पहिल्यांदा अण्णांचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक खड्ड्याआधी मी सांगायचे, "अण्णा, खड्डा," आणि ते श्वास धरायचे. गेला की सोडायचे. असं करत तीन तासांनी भातसा नदीचं पाणी झाडांमधून दिसलं.

आत्याच्या अंगणात गाडी लावली. वैशालीवहिनी धावत आली. दारात रांगोळी होती. आत पाट मांडलेला, त्याच्याभोवती महिरप काढलेली. आणि अंगणापासून त्या पाटापर्यंत सात दगडी पायऱ्या.

दोन शेजारी पुढे आले. त्यांनी अण्णांच्या पाठीखाली हात घातला, जरासं उचललं, आणि अण्णा ओरडले. त्यांचं असं ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यांना परत सीटवर ठेवलं. चेहरा राखेसारखा झालेला. "नाही जमायचं," ते म्हणाले.

मी तिथेच खाली अंगणात बसले. तीन आठवडे मी एका चाकाच्या मागे लागलेले. रॅम्प झाले, रॉड झाले, बुश झाली. अन् या सात पायऱ्या माझ्या डोक्यातच आल्या नव्हत्या! दर वर्षी मीच चढत होते ना त्या? माझा मलाच इतका राग आला की वहिनी पाणी देत होती ते मी घेतलंसुद्धा नाही.

आतून आत्याचा आवाज आला. "कोण ओरडलं? बाबू ओरडला का?" अण्णांना ती अजून बाबूच म्हणते.

वहिनी आत गेली. आत काहीतरी बोलाचाली झाली, वहिनी नाही नाही म्हणतेय, आत्या ऐकत नाहीये. मग ते दोन्ही शेजारी आत गेले आणि थोड्या वेळाने प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून आत्याला घेऊन बाहेर आले. एकेक पायरी थांबत, खाली आणत होते. आत्या एवढीशी झालेली, हिरव्या लुगड्यात हरवलेली. मांडीवर तबक होतं, दोन्ही हातांनी धरलेलं. शेवटच्या पायरीला खुर्ची कलली तर तिने स्वतःला सोडून तबक सावरलं.

खुर्ची गाडीच्या उघड्या दाराशी ठेवली. आत्याने हात लांब करून अण्णांचा गाल चाचपला, कपाळ चाचपलं, मग छाती. तिला आता नीट दिसत नाही.

"पट्टा बांधलाय का रे छातीला?"

"पाठीला आहे, आक्का."

"दुखतं?"

"दुखतं."

"किती?"

"फार."

मला तीन महिने त्यांनी हे सांगितलं नव्हतं. रोज विचारलं तरी "बरं आहे" म्हणायचे.

आत्याने कुंकू लावलं, ते भुवईला लागलं. अक्षता टाकल्या. वहिनीने निरांजन पेटवून दिलं. नदीकडून वारा येत होता, म्हणून मी दाराशी वाकून हाताचा आडोसा केला. आत्या म्हणाली, "पुढच्या वर्षी आत पाटावर बसवून ओवाळीन हो तुला. तोवर बरा हो."

अण्णांनी मान तिच्याकडे वळवली. "पुढच्या वर्षी मी येणार नाही, आक्का."

वहिनी म्हणाली, "मामा, सणासुदीचं असं काय बोलता!"

"बोलू दे त्याला," आत्या म्हणाली. "एवढ्या लांब तो काय खोटं बोलायला आलाय?"

आत्याने पदराने नाक पुसलं, तबक दोन्ही हातांत नीट धरलं.

"मग आज सावकाश ओवाळते," ती म्हणाली.

आणि ती ओवाळत राहिली. सुपारी, अंगठी, निरांजन, पुन्हा निरांजन. तबक कलायला लागलं तशी वहिनी त्याला खालून हात लावायला गेली तर तिने मानेनेच नको म्हटलं. अण्णा डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत होते. माझा हात भाजायला लागला होता, तरी मी आडोसा काढला नाही.